देणे आणि दान

आपल्या व्यापारी घरांत वर्ष दोनदा संपते. पहिल्यांदा दिवाळीला, त्या वेळी वीर निर्वाण संवत् पालटतो, वहीपूजन होते आणि नव्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक उमटते. दुसऱ्यांदा ३१ मार्चला. ते सरकारी वर्ष, त्याला ना पूजा ना पेढे. ३१ डिसेंबर या तारखेला आपल्या पेढीवर तसे काहीच महत्त्व नाही. आमच्या सोलापूरच्या सुताच्या पेढीवर मात्र ही तारीख ३४ वर्षे सर्वांच्या लक्षात असे; कारण त्या दिवशी आमचे दिवाणजी रजेवर असत.

दिवाणजी मराठी ख्रिस्ती. त्यांचे आजोबा दुष्काळात गाव सोडून सोलापुरात आले, मिशनच्या शाळेत चार अक्षरे शिकले आणि गिरणीत लागले. माझ्या वडिलांनी १९८४ साली दिवाणजींना पेढीवर ठेवले, तेव्हा नात्यातल्या काहींनी नाके मुरडली होती. वडील एवढेच म्हणाले, "मला वही लिहिणारा माणूस हवा आहे. त्याची वही वाचून पाहा आणि मग बोला." दिवाणजींची वही ज्याने वाचली तो पुन्हा काही बोलला नाही. खाडाखोड नाही, मागाहून घुसडलेली ओळ नाही, दिवस मावळण्यापूर्वी रोकड जुळलेली.

आपल्या मंडळीचे, म्हणजे चर्चच्या सभासदांचे, ते खजिनदार होते. सर्वांचे अर्पण मोजून चर्चचा वर्षाचा हिशेब ३१ डिसेंबरला पुरा करणे हे त्यांचे काम. म्हणून ती रजा. नाताळात त्यांच्या घरून आमच्याकडे दाळिंबे आणि करंज्यांचा डबा येई. "करंज्या वेगळ्या कढईत तळल्या आहेत, अंड्याचा हात लागलेला नाही," हा निरोप डब्याबरोबर दरवर्षी न चुकता येई. माझी आई तो डबा रिकामा कधी परत पाठवीत नसे.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दिवाणजी पगारातून थोडी उचल मागत. वडील होते तोवर उचल मागण्याआधीच तयार असे. वडिलांनंतर पेढी माझ्याकडे आली. इतका काटेकोर माणूस दरवर्षी जानेवारीतच कसा कोरडा पडतो, याचे मला कोडे वाटे. सणासुदीला हात सैल सुटत असेल, अशी मी माझ्यापुरती समजूत करून घेतली होती.

२०१० सालचा जानेवारी मला विसरता येत नाही. आदल्या दिवाळीला ठरलेली दिवाणजींची पगारवाढ मी पुढे ढकलली होती. बाजार मंद आहे, मार्चमध्ये पाहू, असे त्यांना सांगितले होते. जानेवारीत त्यांनी नेहमीप्रमाणे सहा हजारांची उचल मागितली. मी ती नाकारली, आणि नुसती नाकारली नाही, तर काटकसरीवर पाच मिनिटे व्याख्यानही दिले. वयाने माझ्याहून १२ वर्षे मोठा असलेला तो माणूस मान खाली घालून ऐकत उभा होता. शेवटी "बरे, शेठ," एवढेच म्हणून ते आपल्या गादीवर जाऊन बसले.

त्यानंतर तीन आठवड्यांनी आपल्या एका पंचकल्याणक महोत्सवात मी इंद्रपदाची बोली घेतली. बोली चढत गेली, मीही चढत गेलो, आणि लाखाच्या पुढच्या आकड्यावर माझे नाव पुकारले गेले. मुकुट चढला, छायाचित्रे निघाली. दुसऱ्या दिवशी ती रक्कम धर्मादाय खात्यावर मांडली गेली, आणि ती नोंद दिवाणजींनीच त्यांच्या त्या मोत्यांसारख्या अक्षरांत केली. पगारवाढ मार्चपासून सुरू झाली. मधल्या महिन्यांची बाकी मी दिली नाही आणि त्यांनी मागितली नाही. ती गोष्ट माझ्या मनातून पार पुसली गेली.

२०१८ साली दिवाणजी निवृत्त झाले. २०२३ च्या डिसेंबरात ते पेढीवर आले. डोळ्यांमुळे खजिनदाराचे कामही आता सोडणार होते. शेवटचा हिशेब वाचायचा होता. "शेठ, यंदा ३१ तारीख रविवारीच आली आहे. सकाळची उपासना आहे. आलात तर मोठ्या शेठांची आठवण होईल," ते म्हणाले. घरात थोडी चर्चा झाली. आपण अन्य धर्माच्या उपासनेला जावे काय, ही शंका आईने बोलून दाखवली आणि ती रास्त होती. आपल्याकडे सम्यक्त्वाची जपणूक ही हलक्याने घेण्याची गोष्ट नव्हे. मी म्हणालो, "आई, मी पूजेला जात नाही. एका माणसाचा शेवटचा हिशेब ऐकायला जातो." आई थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, "मग रिकाम्या हाताने जाऊ नकोस."

मी शेवटच्या बाकावर बसलो. छतापासून तारेच्या आकाराचा कंदील लोंबत होता, नाताळच्या गवळाणीचा देखावा अजून मांडलेला होता. पेटी, तबला आणि टाळ यांच्या साथीवर अभंगाच्या चालीची भजने सुरू झाली तेव्हा मला नवल वाटले. पुढे कळले की ही वाट रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी रुळवली. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या या कवीने आपल्या मंडळींना मराठी मातीतले भजन दिले.

या मंडळीचा इतिहास दिवाणजींनी मला तुकड्यातुकड्यांनी सांगितला होता. अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईस आले, १८३१ साली अहमदनगरास त्यांनी ठाणे केले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांचे काम सोलापुरात स्थिरावले. त्यांच्या पंथात बिशप नसे. प्रत्येक मंडळी आपला कारभार आपण पाही. दुसरीकडे इंग्रजांबरोबर आलेली अँग्लिकन परंपरा, तिलाच अमेरिकेत एपिस्कोपल म्हणतात, ती बिशपांची. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात या आणि आणखी काही परंपरा एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, स्थापन झाली. त्यामुळे इथे आज बिशपही आहेत आणि सभासदांनी पै-पैचा हिशेब मागण्याची जुनी सवयही आहे. त्यांचेही वर्ष आपल्यासारखेच दोनदा पालटते. धार्मिक वर्ष नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी, आगमनकाळाने सुरू होते. हिशेबाचे वर्ष ३१ डिसेंबरला संपते.

पैशाची गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. आरंभी पाळकांचा पगार अमेरिकेहून येई. त्या संस्थेचे सचिव रुफस अँडरसन १८५४-५५ च्या सुमारास हिंदुस्थानात येऊन गेले. मंडळीचा पाळक इथलाच असावा आणि त्याचा निर्वाह मंडळीने करावा, असा त्यांचा आग्रह होता. म्हणणे सोपे, करणे कठीण. ज्यांच्यापैकी बहुतेकांकडे जमीन नव्हती, ज्यांची पोटे गिरणीच्या भोंग्यावर चालत, त्यांनी आपला पाळक स्वतः पोसायचा! सोलापूरच्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या, तेव्हा ते आणखी कठीण झाले असणार.

त्या सकाळी हे कसे चालते ते मी पाहिले. प्रथम लिलाव झाला. घरोघरच्या लोकांनी आपापल्या परीने जिन्नस आणले होते: ज्वारीची कणसे, शेंगदाण्याची चटणी, दाळिंबे, एक भला मोठा भोपळा, कुणी विणलेला रुमाल. एका नारळाची बोली अकराशेवर गेली. भोपळा ज्याने घेतला त्याने तो लगेच पुन्हा अर्पण केला आणि बोली नव्याने सुरू झाली. तीनदा तो भोपळा विकला गेला. मुले टाळ्या पिटत होती. बोलीची ही रंगत आपल्याला काही नवी नाही. मला हसू आले आणि क्षणभर आपल्याच मंडपात बसल्यासारखे वाटले.

मग अर्पणाची थैली फिरली. प्रत्येक कुटुंबाकडे वर्षभराची पाकिटे असतात आणि पाकिटावर नाव नसते, क्रमांक असतो. कोणी वर्षारंभी दशमांशाचे, म्हणजे मिळकतीच्या दहाव्या हिश्श्याचे, वचन देतो, कोणी झेपेल तेवढ्याचे. नंतर दिवाणजी उठले आणि भिंग हातात धरून त्यांनी हिशेब वाचला. पाळकांचे मानधन, वीज, छपराची दुरुस्ती, दफनभूमीची देखभाल, गरजू मुलांच्या शाळेची फी, एकाकी वृद्धांना औषधपाणी, बिशपांच्या प्रांताकडे पाठवायचा वाटा. जमेच्या बाजूस केवळ क्रमांक. सर्वांत मोठी रक्कम कोणाची हे त्या सभागृहात एकट्या खजिनदाराला ठाऊक होते, आणि तो बोलणार नव्हता.

पाळकांचे प्रवचन लहान होते. मत्तयाच्या शुभवर्तमानातील एका वचनावर ते बोलले. आशय असा: तू वेदीपाशी दान घेऊन आलास आणि तिथे तुला आठवले की आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही सल आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर, मग येऊन दान दे. "वर्ष संपत आले आहे," पाळक म्हणाले, "थैलीत काय टाकले ते खजिनदार पाहतील. थैलीत टाकण्यापूर्वी कोणाचे काय देणे राहिले, ते आपले आपण पाहावे." मी ते शांतपणे ऐकले. हे कोणा दुसऱ्यासाठी आहे, असे वाटून ऐकले.

उपासनेनंतर दिवाणजींच्या घरी गेलो. काकूंनी माझ्यासमोर दाळिंबाचे दाणे आणि भाजलेले शेंगदाणे ठेवले. बाकीच्यांच्या ताटल्यांत केक होता, तो माझ्यापुढे आणलाही नाही. आईने दिलेली फळांची टोपली मी त्यांच्या हाती दिली. बोलता बोलता काकू म्हणाल्या, "शेठ, तुमच्या पेढीचे आमच्यावर उपकार आहेत. यांचे कसे, डिसेंबरअखेर मंडळीच्या हिशेबात तूट निघाली की ती आधी हे भरायचे. मग आमचा जानेवारी तुमच्या उचलीवर चालायचा. एकाच वर्षी तेवढी उचल मिळाली नाही. पेढीला मोठी खोट आली होती म्हणे, मोठ्या शेठांची पेढी बंद पडते की काय, असे हे म्हणाले. त्या वर्षी थोरलीच्या परीक्षेच्या फीसाठी मी माझी कर्णफुले मोडली. पण मी रोज तुमच्या पेढीसाठी प्रार्थना करीत होते हो."

मी दिवाणजींकडे पाहिले. ते भिंतीकडे पाहत होते.

पेढीला खोट आली नव्हती. त्याच महिन्यात इंद्रपदाची बोली या माणसाने स्वतःच्या हाताने वहीत लिहिली होती. ज्याने ३४ वर्षांत एक खोटी नोंद केली नाही, तो माझी अब्रू राखण्यासाठी घरी आपल्या पत्नीशी खोटे बोलला होता. आणि त्या खोट्यावर विश्वास ठेवून ती बाई माझ्या भरभराटीसाठी प्रार्थना करीत राहिली होती.

निघताना अंगणात मी त्यांना क्षमा मागितली. आपल्याकडे दरवर्षी क्षमावाणीला आपण शेकडो लोकांची क्षमा मागतो, कार्डे पाठवतो, आता तर फोनवर एका बोटाने दीडशे जणांची मागून होते. एका माणसाची, एका ठराविक गोष्टीसाठी, नाव घेऊन क्षमा मागणे किती कठीण असते ते मला त्या दिवशी कळले. दिवाणजी म्हणाले, "शेठ, ते एक खोटे मी बोललो, त्याची माफी मी मागितलेली आहे, पण तुमच्याकडे नव्हे. तुमचे तुम्ही पाहा."

त्या रात्री मी सर्वार्थसिद्धी काढून बसलो. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. लहानपणी पाठशाळेत ते पाठ केले होते: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. अन्नपाननिरोध म्हणजे आपल्यावर अवलंबून असलेल्या जिवाचे खाणेपिणे अडवणे. मी तो शब्द आजवर बैलाच्या तोंडच्या मुसक्यांशी जोडत आलो होतो. मीठभाकरीचा हिशेब ज्याच्या हातात आहे अशा मालकाला तो लागू आहे, हे मला कधी सुचले नव्हते. पाणी गाळून पिणारा, सूर्यास्तानंतर न जेवणारा मी, माझ्याच पेढीवर या अतिचाराला कधी पात्र झालो ते मला कळलेही नव्हते.

त्याच अध्यायात पुढे दानाची व्याख्या आहे. अनुग्रहासाठी स्वतःच्या मालकीचे सोडून देणे ते दान. त्यात 'स्वतःच्या मालकीचे' ही अट मी नीट वाचली नव्हती. दुसऱ्याची पगारवाढ अडवून जी रक्कम माझ्या गल्ल्यात राहिली, ती माझी होती काय? पंडित आशाधरांनी सागारधर्मामृतात गृहस्थाचे गुण सांगताना न्यायाने मिळवलेल्या धनाला पहिले स्थान दिले आहे. पूजा, सत्संगती वगैरे त्यानंतर. पुरुषार्थसिद्ध्युपायात अमृतचंद्राचार्य तर दानाला थेट अहिंसेशी जोडतात: लोभ हा हिंसेचाच एक पर्याय, दानाने लोभ सुटतो, म्हणून दान ही अहिंसा. मग ज्या बोलीत मी प्रत्येक पुकाऱ्याला अधिकच फुगत गेलो, तिच्यात लोभ सुटला की नावाचा लोभ वाढला, हा प्रश्न मी स्वतःला विचारला. उत्तर इथे लिहीत नाही. ज्यांनी बोली घेतली आहे त्यांना ते ठाऊक असेल.

बोलीची परंपराच वाईट, असे मला म्हणायचे नाही. आपली मंदिरे, पाठशाळा, वसतिगृहे त्यातून उभी राहिली. नावासह दिलेले दानही दानच असते. याच सोलापुरातील ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांचे उदाहरण आपल्यासमोर आहे. न्यायाने मिळवलेल्या संपत्तीचा विनियोग कसा करावा हे विचारण्यासाठी त्यांनी देशभर हिंडून विद्वानांची मते गोळा केली, १९४१ साली गजपंथ क्षेत्री विद्वानांची सभा भरवली, आणि जैन संस्कृती संरक्षक संघाची स्थापना करून ३० हजार रुपये दिले. १९४४ साली उरलेली सुमारे दोन लाखांची सारी संपत्तीही संघाला अर्पण केली. ग्रंथमालेला त्यांचे नाव आहे, पण ते नाव वाचताना कोणाच्या मनात सल उठत नाही. देणारा आधी रिकामा झाला होता.

ख्रिस्ती मंडळीचे दान आणि आपले दान एकच, असेही मी म्हणणार नाही. ते देवाच्या कृपेची कृतज्ञता म्हणून देतात. आपल्याकडे कृपा करणारा कर्ता ईश्वर नाही, आपण कर्मबंध सैल व्हावा म्हणून, परिग्रह कमी व्हावा म्हणून देतो. त्यांच्या ग्रंथात एका गरीब विधवेची गोष्ट आहे. श्रीमंतांच्या मोठ्या रकमांपेक्षा तिची दोन क्षुद्र नाणी अधिक ठरली, कारण तिने होते ते सर्व टाकले. आपल्या रत्नकरंड श्रावकाचारात समंतभद्राचार्य म्हणतात की सत्पात्री दिलेले अल्प दानही जमिनीत पडलेल्या वडाच्या बीजासारखे काळाने विस्तीर्ण सावली देते. वाटा वेगळ्या आहेत, पण दानाचे माप रकमेत नाही, हे दोन्हीकडे सारखे आहे. मला माझाच ग्रंथ पुन्हा उघडायला लावणारा तो रविवार होता, यासाठी मी त्या मंडळीचा ऋणी आहे.

जानेवारी २०२४ मध्ये जुन्या वह्या काढल्या. २००९ च्या दिवाळीपासून मार्चपर्यंतची पगारवाढीची बाकी काढली, त्यावर १४ वर्षांचे व्याज लावले आणि दिवाणजींकडे गेलो. त्यांनी कागद भिंगाखाली धरून बेरीज तपासली. व्याजात माझी चूक निघाली. ती त्यांनी दुरुस्त केली. मग मुद्दल मोजून घेतले आणि व्याजाच्या नोटा माझ्याकडे सरकवल्या. "मुद्दल माझे आहे, ते घेतो," ते म्हणाले. "व्याज तुमच्या मनाचे आहे. ते कुठे भरायचे ते तुम्ही ठरवा." मुद्दलाची रीतसर पावती त्यांनी लिहून दिली. काकूंना खरे काय ते मीच सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग चहा ठेवायला आत गेल्या.

व्याजाची ती रक्कम दिवाणजींचे किंवा माझे नाव न लावता दोन गरजू मुलींच्या परीक्षेच्या फीत गेली. आणि पेढीवर एक नवा रिवाज सुरू केला. दिवाळीला धर्मादाय खात्यावर काही लिहिण्यापूर्वी एक कागद तयार होतो: हमाल, गुमास्ता, झाडूवाली, यंत्रमागावरचा कारागीर, कोणाचे काय राहिले. तो कागद निरंक झाल्याशिवाय वहीत दानाची ओळ लिहायची नाही. पहिल्या वर्षीच त्या कागदावर सात नावे निघाली. आपली पेढी चोख आहे, असे मी तोवर समजत होतो.